मदत हवी आहे : खंडग्रासात चंद्राचा झाकलेला भाग लाल का दिसत नाही?

सातवीच्या मुलांना चंद्रग्रहण शिकवतेय. एका प्रश्नावर अडले आहे.

२०२३च्या कोजागिरीला, मसाला दूध पिऊन झाल्यावर, मध्यरात्री १.०५ ते २.२२ खंडग्रास ग्रहण पाहिलं होतं. चंद्राची जेमतेम एक कड सावलीत गेली, तीही करड्या काळ्या रंगाची. ७ सप्टेंबर २०२५च्या खग्रासात मात्र रात्री ११ नंतर ८२ मिनिटं चंद्र तांब्याच्या भांड्यासारखा लालसर होता. (आमच्याकडे ढगांच्या फटींतून का होईना, दिसला!)

पृथ्वीच्या वातावरणातून वळून आलेला लाल प्रकाश गडद छायेत पोहोचतो, हे माहीत आहे. चंद्राची कक्षा सुमारे ५ अंश कललेली असल्यानं दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही, हेही चेंडू आणि टॉर्च घेऊन दाखवून झालंय. पण खंडग्रासातही तो भाग त्याच गडद छायेत असतो ना?

मोबाइलवर प्रयोग केले. उजळ भाग नीट येईल असा फोटो घेतला की झाकलेला भाग काळाकुट्ट, आणि एक्स्पोजर वाढवलं की उजळ भाग पांढराफटक. दुर्बीण १०×५०ची आहे, टेलिस्कोप नाही. उपच्छायेचं (गडद छायेभोवतीच्या फिकट सावलीचं) मला नकोय, तिथे डोळ्यांना फारसं काही दिसतच नाही.

तर लाली तिथेही असते पण उजळ भागाच्या झगमगाटात हरवते, की सावलीची कडच तिच्या मध्यापेक्षा वेगळ्या रंगाची असते? आणि वर्गात हे साध्या साहित्यात कसं दाखवाल?