खारं वारं आणि खुब्याचा सांधा

वेंगुर्ल्याच्या काकांनी वर विचारलंय, आईच्या खुब्यात टायटॅनियमचा सांधा बसवायचाय, त्याचं कोटिंग उडालं तर आत गंज धरेल का?

काका, प्रश्न वाचून आमच्या मालवणच्या पडवीचे पत्रे आठवले. जस्ताचा थर खरवडला की दोन पावसाळ्यांत पत्र्याची चाळण. टायटॅनियमचं तसं नाही. हवा-पाणी लागताच त्यावर ऑक्साइडची (धातू आणि ऑक्सिजनच्या संयुगाची) साय धरते, जेमतेम काही नॅनोमीटर जाडीची. ओरखडा पडला तर क्षणात पुन्हा धरते. शिवाय समुद्रात मीठ साधारण 3.5 टक्के, शरीरातल्या द्रवात 0.9 च्या आसपास. आईंनी सुंगटांचं सुकं रोज खाल्लं तरी त्यात फरक पडत नाही!

मग कोटिंग कशाला? सांध्याचा जो दांडा मांडीच्या हाडात बसवतात, त्यावरचा पांढरट, खरखरीत थर बहुधा हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटचा, म्हणजे हाडातल्याच खनिजाच्या जातीचा. तापवलेल्या भुकटीचा फवारा मारून तो बसवतात, गंज अडवायला नव्हे, हाड धरावं म्हणून. टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर असतो तो मुख्यतः झीज कमी व्हावी म्हणून.

खरी मेख आहे ती दांड्याच्या टोकावर सांध्याचा गोळा ठोकून बसवतात त्या जोडात. चिंचोळी फट, पावलागणिक बारीकशी हालचाल. साय घासून जाते आणि आत ऑक्सिजन नीट पोचत नाही. गोळा कोबाल्ट-क्रोम मिश्रधातूचा असेल तर तिथे गंजाच्या तक्रारी जास्त, सिरॅमिकचा असेल तर कमी. तेव्हा डॉक्टरांना कोटिंगचं विचारण्याआधी गोळा कशाचा ते विचारा.