तळ्यातले मासे, कुंपणावरची ढोकरी आणि भुर्दंड कोणाचा?

नेरूळकर: आमच्या रो-हाऊसच्या अंगणात आठ बाय पाच फुटांचे, जेमतेम दीड फूट खोल तळे आहे. त्यात सोडलेल्या अकरा शोभेच्या कोई माशांपैकी चार या पावसाळ्यात नाहीसे झाले. सकाळी साडेसहाच्या सुमारास एक ढोकरी (लहान जातीचा बगळा) तळ्याच्या पायरीवर येऊन बसते. पाठ इतकी मातकट की दगडच वाटावा, आणि उडाली की अचानक पांढरेशुभ्र पंख. बाजारातून प्लास्टिकचा बगळा आणून काठावर उभा केला, तर तिसऱ्या दिवशी ती त्याच्याच शेजारी ध्यान लावून बसली होती! अशा पक्ष्याला पकडून खाडीकडे सोडण्याची सोय संबंधित खात्याने का करू नये, एवढाच माझा प्रश्न आहे.

खाडीकाठी: आपली चीड समजते, मागणी मात्र मान्य नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार 'शिकार' या शब्दात ठार मारण्याबरोबरच पकडणे आणि सापळा लावणे हेही येते. शिवाय एक ढोकरी हलवली तरी आयता घास दिसतो तिथे दुसरी येणारच, त्यातून पावसाळा हा त्यांचा पिल्ले वाढवण्याचा काळ. खरा दोष दीड फूट पाण्याचा आणि त्या पायरीचा आहे, कारण ढोकरी काठावरून किंवा उथळ पाण्यात उभी राहूनच मासा टिपते. तळे तीन फूट खोल करा, कडा सरळ उभ्या ठेवा आणि माशांना लपायला तळाशी रुंद पाइपचे तुकडे टाका. मिठागरे आणि पाणथळी बुजवून आपण वस्त्या उभारल्या. २०२२ मध्ये ठाणे खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर दर्जा मिळाला, त्याचे पेढे वाटायचे आणि तिथल्या पक्ष्याला घुसखोर म्हणायचे, हे कसे चालेल?

नेरूळकर: पाणथळी बुजल्या हे मान्य, पण त्याचा हिशेब माझ्या चार माशांनी का चुकता करावा? तीन फूट खोदायचे तर खाली सांडपाण्याची वाहिनी आहे.

घोडबंदरवासी: मी नेरूळकरांच्या बाजूचा आहे, कारण उपदेश फुकट असतो आणि खोदकाम नव्हे. तरीही जाळीबाबत सावध करतो. आमच्या सोसायटीत सैल नायलॉनची जाळी पाण्यावर नुसती अंथरली होती. तीत एका ढोकरीचा पाय अडकला आणि पिळे कात्रीने एकेक करून कापण्यात आमची अख्खी सकाळ गेली. त्यानंतर लोखंडी चौकटीवर जाड दोऱ्याची जाळी ताणून, पाण्यापासून फूटभर वर बसवली, तेव्हापासून मासा गेलेला नाही.

खाडीकाठी: ताणलेल्या जाळीला माझा विरोध नाही. झोळ पडू देऊ नका, एवढेच.

नेरूळकर: चौकट सांगून आलो आहे आणि पायरी रविवारी काढतो. खर्च मीच करतोय म्हणून ढोकरीचा हक्क मान्य केला, असे मात्र कोणी समजू नये.