पुण्याचा कचरा एकाच ठेकेदाराला द्यावा का?

कोथरूडची:
'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचा घरोघरचा कचरा उचलण्यासाठी महापालिकेशी पहिला करार २००८ चा. २०२० अखेर करार संपला, मुदतवाढींवर काम रेटलं गेलं आणि "अख्खं शहर एका कंपनीला द्या, कटकट मिटेल" ही मागणी जोरात आली. पुढे नवा करार झाला, मागणी काही मेली नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवापासून पुन्हा तेच चालू आहे, आणि सभेत ठराव आणायचा म्हणतात.

माझा विरोध आहे, आणि तो "गरीब बायकांचं काय होईल" एवढ्यापुरता नाही. ठेकेदाराला पैसे बहुधा टनावर मिळतात. जितका कचरा डेपोत, तितकं बिल. मग तो पुठ्ठा, बाटल्या बाजूला काढून स्वतःचं वजन कशाला घटवेल? वेचक बाईंचं उलट आहे. घराकडून महिन्याचे पैसे ठरलेले, वर भंगार विकून जे येईल ते तिचं. ओला-सुका वेगळा मिळाला तर तिचाच फायदा. आपण पिशवीत सगळं कोंबून दिलं की ती दारात ऐकवते ना, ते यासाठीच.

तळमजला:
टनाचं गणित मान्य. पण तो दोष दराचा आहे, एका ठेकेदाराचा नाही. घरटी दर लावा, मिश्र कचरा उचलला तर बिल कापा. आज काय आहे? दारातून वेचक उचलणार, फीडर पॉइंटपासून, म्हणजे वेचक कचरा आणून देतात त्या ठिकाणापासून, पालिकेची गाडी, पुढचा प्रकल्प तिसऱ्याकडे. कोपऱ्यावर ढीग साचला की तिघांपैकी कोणाची मान धरायची? आणि वेचक आजारी पडली, गावी गेली, तर बदली माणूस देणं कोणाच्याही संस्थेला जड जातं. कंपनीला करारात बांधता येतं.

वऱ्हाडी ठसका:
बांधता येतं कागदावर. नागपूर बघा. २००८ पासून सगळं शहर एका कंपनीकडे होतं. वजन वाढवायला कचऱ्यात माती मिसळतात असे आरोप तिथे किती गाजले! २०१९ मध्ये शेवटी दोन कंपन्या आणल्या, दहा झोनची पाच-पाच अशी वाटणी. एकच ठेकेदार असला की त्याला काढायचं कसं हा प्रश्न येतो. गाड्या त्याच्या, ड्रायव्हर त्याचे. दोन दिवस गाड्या थांबल्या की शहर नाक दाबून बसतं आणि पालिका मुकाट्याने मुदतवाढ देते.

तळमजला:
म्हणजे तुम्हीच सांगताय की दोनसुद्धा चालतात, फक्त वेचक नकोत :)

वऱ्हाडी ठसका:
असं कुठे म्हटलं? दोन आल्यावर सगळं चकाचक झालं असंही म्हटलेलं नाही.

चिकित्सक:
कोथरूडच्या ताई, एक कडू प्रश्न. बाईमाणसाने ढकलगाडी ओढायची, आपल्या घरातलं डायपर हाताने वेगळं करायचं, आणि आपण त्याला पर्यावरणपूरक म्हणायचं? कंपनीत निदान पीएफ, ईएसआय, गणवेश तरी मिळेल.

कोथरूडची:
मिळेल की मिळायला हवं? मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करा हा आदेश सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढून २०१७ मध्ये टिकवावा लागला. त्यांची संघटना, कचरा वाहतूक श्रमिक संघ, त्यासाठी वर्षानुवर्षे भांडला. तो काय कंपनीने आपणहून दिलेला पीएफ नव्हता.
डायपरचं म्हणाल तर वेचकांनीच लाल ठिपक्याची मोहीम काढली: कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून बघायला लागू नये. आपल्या इमारतीत किती जण काढतात? वेचकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ ची आहे, बाबा आढावांच्या पुढाकारातली. 'स्वच्छ' त्यातूनच उभी राहिली. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही वेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या असंच सांगितलं.

चिकित्सक:
पंचायतीबद्दल आदर आहेच. तरी माझा प्रश्न तसाच राहिला. त्या बाईच्या मुलीनेही हेच करावं का? यंत्र, चांगली गाडी, ठरलेला पगार यांना विरोध म्हणजे तिचा विकास नव्हे.

कोथरूडची:
गाडी आणि पगाराला विरोध नाहीच. ते तिच्या संस्थेला द्या ना. गाडी आली की मालक बदललाच पाहिजे, हे कोणी ठरवलं?

फुरसुंगीकर:
तुमचं उचलायचं कोणी यावर चाललंय, चालू द्या. टाकायचं कुठे ते कोणी बोलत नाही. २०१७ च्या उन्हाळ्यात आमच्या उरुळी-फुरसुंगीचा कचरा डेपो पेटला, गावाने गाड्या अडवल्या, तेव्हा पुण्याला आमची गावं आठवली. त्याच वर्षी आम्हाला पालिकेत घेतलं, २०२४ मध्ये वेगळी नगर परिषद करून बाहेर काढलं. कचऱ्याचा डोंगर जागेवरच आहे. उचलणारा कुठलाही असो, मिश्र कचरा निघाला की तो कोणाच्या तरी गावाबाहेर पडणार. घरातच वेगळा करा, मग ठेकेदार एक ठेवा नाहीतर शंभर.

तळमजला:
दादा, बरोबर. म्हणूनच म्हणतो, ठरावात तीन ओळी टाका: घरटी दर, काम प्रभागवार वाटलेलं, आणि मिश्र कचऱ्याला दंड. वेचक संस्थेलाही त्याच अटींवर येऊ दे.

कोथरूडची:
पहिल्या दोन ओळींना माझी सही. दंड कोणाला? उचलणाऱ्याला की देणाऱ्याला?

तळमजला:
दोघांना.

वऱ्हाडी ठसका:
मग झालं. रहिवाशांना दंड हे वाचून दाखवा, ठरावाला सूचक मिळाला तर कळवा.