चार स्टेप्समध्ये भागतंय, मग वीस कशाला?

रेंडरग्रस्त
सांगलीत एआयने लग्नाच्या आमंत्रणाचे व्हिडिओ करतो. घरचा पीसी, ३०६० ग्राफिक्स कार्ड, १२ जीबी मेमरी. फुकट मिळणारं १४ अब्ज पॅरामीटर्सचं एक मॉडेल, तेही दाबून बारीक केलेलं. पाच सेकंदांची क्लिप म्हणजे ८१ फ्रेम्स, ४८०पी. मॉडेल निव्वळ नॉइजपासून (दाणेदार खरखरीपासून) पायरीपायरीने चित्र साफ करत नेतं, ती एकेक पायरी म्हणजे स्टेप. २० स्टेप्सना ४५ मिनिटं लागायची. गेल्या महिन्यात वेग वाढवणारा लोरा (मॉडेलला वरून जोडायची छोटी फाइल) जोडला, तेव्हापासून ४ स्टेप्स आणि ६ मिनिटं.

माझं मत सरळ आहे. ज्याला गिऱ्हाईक सांभाळायचंय त्याने २० स्टेप्सच्या नादाला लागू नये. शेवटी क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर जाते, तिथे ती आणखी चेपली जाते, आणि मामा ती चष्मा न लावता बघतात. कोणाला फरक कळतोय? वर विजेचं बिल वाचतं ते वेगळंच.

आडवा_बोळ
मामांना कळतो. तुमच्या क्लिपमध्ये ढोलपथक टाका आणि टिपरूकडे बघा. ४ स्टेप्सला ते पाण्यात बुडाल्यासारखं खाली येतं, पानाला टेकतं न टेकतं तोच परत वर तरंगतं. वादकाचा खांदा हलतच नाही. चेहरे, फेटे, झालर एकदम चकाचक. म्हणजे फोटो झकास, वरात मेलेली. व्हिडिओत हलणं हाच माल असतो, आणि तुम्ही नेमका तोच कापलात.

रेंडरग्रस्त
निगेटिव्ह प्रॉम्प्टमध्ये (काय नको ते लिहायच्या जागी) 'स्लो मोशन' लिहून बघितलं होतं. काडीचा फरक पडला नाही, हे कबूल.

त्रैराशिक
पडणार कसा? ते कोणी वाचतच नाही. हिशेब मांडतो, वेळ कुठे वाचतो तेही कळेल.

साध्या पद्धतीत प्रत्येक स्टेपला मॉडेल दोनदा चालतं. एकदा तुमचा प्रॉम्प्ट धरून, एकदा निगेटिव्ह धरून (किंवा रिकामं). दोन उत्तरांतला फरक ताणून पुढची दिशा ठरवतात. तो ताण म्हणजे सीएफजी. २० स्टेप्स म्हणजे ४० फेऱ्या. लोरा लावल्यावर सीएफजी १ ठेवायचा असतो, म्हणजे दुसरी फेरी रद्द. ४ स्टेप्स, ४ फेऱ्या. काम दहा पट कमी झालं, पण वेळ साडेसात पटच, कारण मॉडेल लोड होणं आणि शेवटी फ्रेम्स उलगडणं दोन्हीकडे तेवढंच. निगेटिव्ह प्रॉम्प्ट त्या रद्द झालेल्या फेरीत होता. तुम्ही बंद खिडकीवर अर्ज टाकत होतात.

विजेचं मात्र सोडा. पीसी २५० वॅट ओढतो असं धरलं तरी ४५ मिनिटांत पाव युनिटही होत नाही. तुमचा वाचतो तो वेळ. बिल नव्हे.

ओटीवरची
मी रेंडरग्रस्तांच्या बाजूने. २०२० साली डिफ्यूजनचा, म्हणजे नॉइज पायरीपायरीने साफ करण्याच्या पद्धतीचा, डीडीपीएम हा पेपर आला तेव्हा एका चित्राला १००० स्टेप्स लागायच्या. त्याच वर्षी डीडीआयएम या नव्या पद्धतीने तेच प्रशिक्षित मॉडेल ५० स्टेप्समध्ये चालवून दाखवलं. २०२२ मध्ये निम्म्याचं निम्मं करत ४ पर्यंत आणलं, पुढच्या वर्षी एकदोन स्टेप्समध्ये पोचणारी कन्सिस्टन्सी मॉडेल्स आली. दर वेळी कोणीतरी 'दर्जा गेला' म्हणून गळा काढला. आज हजार स्टेप्स कोण चालवतं? आडवा_बोळ, तुम्हीसुद्धा वीसच म्हणताय.

आडवा_बोळ
दोन वेगळ्या गोष्टी एका माळेत ओवल्यात, ताई.

घाटाची वाट घ्या. निव्वळ नॉइजपासून चित्रापर्यंतची वाट नागमोडी असते, आणि प्रत्येक स्टेपला मॉडेल एवढंच सांगतं की इथून तोंड कुठे करायचं. सरळ मोठी ढांग टाकलीत की वळणावर दरीत. डीडीआयएम किंवा नंतरचा डीपीएम-सॉल्व्हर यांनी वाट तीच ठेवली, पाऊल कसं टाकायचं ते सुधारलं. मॉडेलला हात लावला नाही. तुमचा लोरा ती वाटच बदलतो. जुन्या मॉडेलला गुरू करून शिष्याला 'वळणं विसर, थेट पोच' असं शिकवलेलं असतं. पोचतो, पण सगळे एकाच ठिकाणी. सीड (सुरुवातीचा नॉइज ठरवणारा आकडा) बदलून दहा नवऱ्या काढा, दहाही सख्ख्या बहिणी निघतील.

ओटीवरची
मग तो बोगदा झाला की. खणायचा खर्च एकदाच, नंतर रोज गाड्या जातात. धबधबा बघायला मी दिवसाला चाळीस वेळा घाट चढणार नाही. आणि बहिणींचं म्हणाल तर इथे नवरी कशी दिसावी हे फोटो देऊन ठरलेलं असतं. वैविध्य कोणाला हवंय?

आडवा_बोळ
हा मुद्दा बरोबर आहे. फोटोवरून क्लिप करत असाल तर बहिणींची तक्रार मागे घेतो. टिपरूची नाही.

कानसेन
सगळे चित्रावरच भांडताय. आवाजाचं काय?

मी स्टुडिओत बसतो, रोजचं काम जिंगल्सचं. ध्वनीच्या मॉडेलमध्ये स्टेप्स कमी केल्या की पहिला मार ठोक्यांना बसतो. लांबणाऱ्या सुरांना, तानपुऱ्यासारख्या आवाजाला, आठ स्टेप्स पुरतात, कोणी ओळखणार नाही. पण ताशाची तर्री मागवा. काडीचा प्रत्येक फटका सुटा यायला हवा, तिथे चाळणीत तांदूळ पाखडल्यासारखा खसखस आवाज येतो. डोळा सेकंदाला सोळा फ्रेम्समध्ये समजूत करून घेतो, कान घेत नाही.

तरी मी वेगाच्या विरोधात नाही. २०१६ चं वेव्हनेट, बोलण्याचा आवाज तयार करणारं मॉडेल, आठवा: दर सेकंदाचे हजारो नमुने, एकामागून एक. आवाज सुरेख, पण गोगलगाय. पुढच्याच वर्षी त्याचा शिष्य तयार केला, सगळे नमुने एका दमात काढणारा. एक सेकंदाचं बोलणं ५० मिलिसेकंदांत. तो डिफ्यूजनचा प्रकार नव्हता, पण गुरूकडून शिष्य करण्याची युक्ती तीच. तो वेग आला म्हणूनच ते बोलणं फोनमधल्या असिस्टंटपर्यंत पोचलं. २०२५ च्या स्टेबल ऑडिओ ओपन स्मॉल या आवाजाच्या मॉडेलचंही तसंच: ३४१ दशलक्ष पॅरामीटर्स, अकरा सेकंदांपर्यंतचा आवाज फोनवर आठ सेकंदांच्या आत. फोनवर पन्नास स्टेप्स चालवत कोण बसणार?

रेंडरग्रस्त
म्हणजे कच्चं ४ स्टेप्सवर काढायचं, पसंत पडलं की तोच सीड ठेवून २० वर पक्कं. भांडण मिटलं.

आडवा_बोळ
मिटलं नाही. एकदा करून बघा. लोरा काढलात की सीड तोच राहिला तरी क्लिप दुसरीच येते. कॅमेरा वेगळा, हात वेगळा. गिऱ्हाइकाने एक साडी पसंत केली आणि तुम्ही घडी मोडून दुसरीच दिलीत, असं होतं. कच्चं-पक्कं हे खूळ लोरा न बदलता स्टेप्स वाढवल्या तरच थोडंफार चालतं.

त्रैराशिक
मधली वाट आहे. वान २.२ सारख्या व्हिडिओच्या मॉडेलमध्ये दोन भाग असतात. पहिला नॉइज दाट असताना चालतो: कोण कुठे, कसं हलणार, हे तिथेच ठरतं. दुसरा शेवटी येऊन जर आणि बुट्टे भरतो. पहिल्या भागाला लोरा लावूच नका, सीएफजी ३.५ ठेवून १० स्टेप्स पूर्ण द्या. दुसऱ्याला लोरा लावून २. फेऱ्या २० अधिक २, बावीस. साधारण पंचवीस मिनिटं. निगेटिव्ह प्रॉम्प्टही निदान पहिल्या भागात वाचला जाईल.

ओटीवरची
सहाची पंचवीस झाली. चौपट! याला मधली वाट म्हणणारे लोक रिक्षाचं भाडं कसं देत असतील?

त्रैराशिक
मीटरप्रमाणे. :-)

रेंडरग्रस्त
रात्री करून बघितलं, आत्ता सांगतो. २६ मिनिटं लागली. टिपरू आपटतं! दुसऱ्या ठोक्याला वादक मागे रेलतो, खांदा उडतो, झालर हेलकावते. आडवा_बोळ, ढोलापुरता मी हरलो.

गिऱ्हाइकाला दोन्ही पाठवल्या, कुठली कशी केली ते न सांगता. नवरीच्या आईचा दहा मिनिटांत फोन. ढोलाबद्दल अक्षर नाही. "अहो, नथ उजव्या नाकपुडीत कशी?" नवीन क्लिपमध्ये मान वळताना नथ पलीकडे गेली होती. मला दिसलंच नव्हतं. संध्याकाळी सहापर्यंत दुरुस्त करून हवी होती. पंचवीस मिनिटांच्या हिशेबाने दोनतीन प्रयत्न जमले असते. शेवटी ४ स्टेप्सवर गेलो, नऊ वेळा काढली, आठव्या वेळी नथ डावीकडे राहिली. तीच दिली.

आडवा_बोळ
आणि टिपरू?

रेंडरग्रस्त
पाण्यात.

कानसेन
खाली आवाज कुठला लावलात? मॉडेलची तर्री लावली असेल तर धागा परत पहिल्यापासून.

रेंडरग्रस्त
नाही हो. गेल्या गणपतीत गल्लीतल्या पथकाचं मीच मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग.