रॉकेलचा हीटर पेटत नाहीये. वात बदलू की आधी आणखी काही बघू?

थंडोबा
मंडळी, मदत हवी आहे. घरात वातीचा रॉकेल हीटर आहे, सेलवर पेटणारा. मागच्या थंडीत छान चालला. आता बाहेर काढला तर पेटायचं नाव नाही. मूठ फिरवली की वात वर येते, खटका दाबला की कॉइल लाल होते, पांढरा धूर निघतो, वास घरभर पसरतो, पण ज्योत काही धरत नाही. टाकीत मागचं थोडं तेल होतं, त्यावरच कॅनमधलं ओतलंय. सरळ नवी वात मागवू का?

खटपट्या
थांबा, वातीची घाई नको. आधी दोष कुठल्या बाजूला आहे ते ठरवा. खिडकी उघडा, साठलेला धूर जाऊ द्या, हीटर पूर्ण गार होऊ द्या. मग बर्नर म्हणजे ती आतली नळकांडी दांडीने जरा उचला आणि लांब काडीने वात पेटवा. ज्योत नीट धरली तर तेल आणि वात ठीक, गडबड कॉइल-सेलची. काडीनेही धरली नाही तर कॉइलला हात लावूच नका, वातीपर्यंत तेल येतंय का, आणि येतंय ते तेलच आहे का, ते बघा. या एका काडीने निम्मं काम वाचतं.

पान्हापक्कड
कॉइल लाल म्हणजे नक्की कशी लाल? मंद, विटकरी रंगाची असेल तर ती पुरेशी तापत नाही. तेलाची वाफ होते, म्हणून पांढरा धूर येतो, पण वाफ पेट घेत नाही. चांगली कॉइल लखलखीत केशरी दिसते. सेल टॉर्चमध्ये घालून 'चालतात की' म्हणू नका. एलईडी टॉर्चला लागतो त्याच्या कितीतरी पट करंट कॉइल ओढते, आणि तिथे म्हातारे सेल मान टाकतात. रिचार्जेबल घातले असतील तर तेही कारण असू शकतं: साधा सेल १.५ व्होल्टचा, रिचार्जेबल १.२ चा. सेलच्या खोबणीतल्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर असेल तर पॉलिश पेपरने घासून काढा. आणि कॉइल वातीच्या अगदी जवळ हवी, पण वातीत रुतलेली नको. रुतली की तेलात भिजून गार पडते, शिवाय तार तुटते.

झटपटराव
एवढा खटाटोप कशाला? चमचाभर पेट्रोल मिसळा, भक्कन पेटेल.

माजघर
झटपटराव, भक्कन पेटेल यात वादच नाही. काय काय पेटेल एवढाच प्रश्न आहे. चांगल्या रॉकेलची वाफ पेट घ्यायला निदान ३८ अंश सेल्सिअस तरी लागतात, पेट्रोलची वाफ उणे ४० च्या आसपासही पेट घेते. म्हणजे घरातल्या हवेत ते कायमच तयार असतं. हीटरची टाकी गरम होते, त्यात पेट्रोलचा अंशही नको. ज्या डब्यात कधी पेट्रोल होतं त्यात रॉकेल भरायचं नाही, इतकं हे कडक आहे. थंडोबा, हा सल्ला वाचलाच नाही असं समजा.

थंडोबा
समजलो :) काडीने करून पाहिलं. वात एका बाजूला पेटते, अर्ध्या गोलापर्यंत ज्योत जाते, चुरचुर आवाज येतो आणि विझते. कॉइल केशरीच आहे, सेल नवे आहेत.

खटपट्या
चुरचुर म्हटलंत आणि काम सोपं केलंत. तेलात पाणी आहे. रॉकेल हलकं, पाणी जड, म्हणून ते टाकीच्या तळाशी बसतं, आणि वातीचं खालचं टोक नेमकं तिथेच बुडालेलं असतं. अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेचं पाणी आतून धरतं. कॅनचं बूच सैल असलं तर तिथेही तेच. खात्री करायची तर टाकीच्या तळातलं थोडं तेल हातपंपाने काचेच्या बाटलीत काढा आणि बाटली हलवून ठेवून द्या. खाली वेगळा थर किंवा गोल थेंब दिसले तर पाणी. तेल पिवळट असेल किंवा आंबूस वास येत असेल तर ते जुनं झालंय, तेही टाकाऊ. मात्र मोरीत किंवा गटारात ओतू नका.

माजघर
टाकी रिकामी केल्यावर तळ धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा. तेल भरायच्या तोंडाशी जाळीची गाळणी असते, तीही काढून बघा, कचरा तिथेच अडकतो. वात काढून पूर्ण वाळवा. पाणी प्यायलेल्या भागातून तेल वर चढत नाही, म्हणून तुमची ज्योत अर्ध्यावर थांबते.

वातीचं टोक कडक, काळं झालं असेल तर ती काजळी. फायबरग्लासची वात असेल तर तेल संपेपर्यंत हीटर बाहेर मोकळ्या जागी जळू द्यायचा, काजळी जळून जाते. सुती वातीला हे कधीही करू नका, वातच जळून जाईल. तिची कडा फक्त समान कापायची, तीही माहितीपत्रक परवानगी देत असेल तरच.

थंडोबा
बाटलीत तळाशी चांगले टपोरे थेंब निघाले! टाकी पुसली, वात वाळवून बसवली, नवं तेल भरलं. लगेच पेटवू?

खटपट्या
नाही! कोरडी वात पेटवली तर टोक करपेल आणि मग खरंच नवी मागवावी लागेल. वात खाली ठेवून तासभर मुरू द्या.

थंडोबा
पेटला, अख्खा गोल धरला. पण एका अंगाला ज्योत उंच, पिवळी आणि काजळी येतेय.

पान्हापक्कड
बर्नर तिरका बसलाय. त्याची दांडी धरून डावी-उजवीकडे दोनतीनदा हलवा, खाली 'टक' करून बसेल. तरीही एकच बाजू उंच राहिली तर विझवून, गार करून, वात वरखाली न होता समपातळीत बसली आहे का ते तपासा. मूठ फिरवल्यावर वात आपोआप खाली पडत असेल तर तो दोष नाही. धक्का बसला की विझवणारा खटका मोकळा झालेला असतो, मूठ शेवटपर्यंत फिरवली की परत अडकतो.

माजघर
आणि खिडकी बोटभर उघडी ठेवूनच चालवा. पिवळी ज्योत म्हणजे अपुरं ज्वलन, त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला वास नसतो. झोपताना बंद, तेल भरताना बंद आणि गार. थंडी संपली की टाकी रिकामी करूनच आत ठेवा.