दाताच्या 'मूळ पेशी' आणि हाडाचं 'पुनरुत्पादन'?

कडीपत्ता:
मंडळी, दातांच्या पेशंटसाठी एक माहितीपत्रक मराठीत करतेय. आधी कुणीतरी बोन रिजनरेशनला 'हाडाचे पुनरुत्पादन' लिहून ठेवलंय, स्टेम सेलला (ज्यांच्यापासून इतर प्रकारच्या पेशी बनू शकतात त्या) 'मूळ पेशी', स्कॅफोल्डला (ज्याच्या आधाराने नवीन हाड वाढतं तो साचा) 'सांगाडा' आणि बायोमटेरियलला चक्क 'जैवसाहित्य'. काय ठेवू, काय उडवू?

निवडुंग:
पुनरुत्पादन आधी उडवा, हाडाला काय पोरं होणारेत? पुनर्जनन म्हणा, दहावीच्या विज्ञानात प्लॅनेरियाच्या तुकड्यापासून अख्खा प्राणी तयार होतो तिथे हाच शब्द आहे. स्टेम सेलला मूलपेशी, पण जोडूनच लिहा हं, 'दाताच्या मूळ पेशी' असं तोडलं की वाचणारा दाताचं मूळ समजणार आणि 2000 साली अमेरिकेत त्या पहिल्यांदा मिळाल्या त्या तर अक्कलदाढेच्या पल्पमधून, म्हणजे रूट कॅनाल करताना आपण 'नस काढली' म्हणतो त्या मऊ भागातून. 2003 मध्ये पडलेल्या दुधाच्या दातांतही सापडल्या. (पुढच्याच वर्षी मुळाभोवतीच्या लिगामेंटमध्येही, म्हणजे दात हाडाला धरून ठेवणाऱ्या तंतूंमध्येही सापडल्या, म्हणजे घोळ आणखी वाढला.)

ओटीवरचा:
सांगाडा नकोच, हाडांच्या विषयात सांगाडा म्हणजे स्केलेटन. सरळ परांची म्हणा की. फक्त ही परांची कुणी उतरवत नाही, ती आपली आपण विरायची असते.

दाढदुखी:
मी दातांचाच डॉक्टर, परांची आवडला. पण सगळ्याच विरत नाहीत बरं का, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट या कॅल्शियमच्या क्षाराचे दाणे हळूहळू विरून त्या जागी नवीन हाड येतं, गाईच्या हाडापासून केलेले दाणे मात्र वर्षानुवर्षं तसेच आत राहतात. ते कशापासून केलेत हे पत्रकात स्पष्ट लिहा, पेशंट विचारतात आणि विचारायलाच हवं.
आणि पेशंट म्हणतात 'हाडाची पावडर', तोही शब्द टाका. दाढ काढल्यावर तिथलं हाड वर्षभरात रुंदीला निम्म्याच्या आसपास कमी होतं, म्हणून खड्ड्यात ही पावडर भरून वर मेम्ब्रेन म्हणजे पातळ पडदा लावून टाके घालतो. पावडरीच्या त्या बाटलीत जिवंत पेशी नसतात, पेशंटच्याच हाडातून आणि रक्तातून आलेल्या पेशी दाण्यांवर चढतात. तेव्हा याला 'मूलपेशी उपचार' अजिबात लिहू नका, तो भाग अजून बराचसा संशोधनातच आहे. मूलपेशींसाठी दुधाचे दात बँकेत ठेवा म्हणून जाहिराती येतात ना, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत परवानगी फक्त नाळेतल्या रक्ताच्या बँकिंगला आहे.

कडीपत्ता:
बापरे, 'मूलपेशी उपचार' हेच तर मथळ्यात आहे! आणि जैवसाहित्याचं काय?

निवडुंग:
जैवसाहित्य म्हटलं की मला चरित्रग्रंथ दिसतात. जैवपदार्थ बरा वाटतो, पण लोकांना तो प्राण्या-झाडांपासून केलेला वाटणार, आणि लॅरी हेंच या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1969 मध्ये केलेलं बायोग्लास तर निव्वळ काच, तरी हाडाला घट्ट चिकटते. बायोमटेरियलच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'शरीरात बसवता येणारा पदार्थ' एवढं जोडा.

दाढदुखी:
+1. आणि मथळा बदला आधी.