मदत हवी आहे: क्वचित लिहिणाऱ्या ब्लॉगांसाठी कुठला फीड रीडर घ्यावा?

नमस्कार मंडळी,

विषय जुनाट वाटेल, पण अडलोय खरा. फीड रीडर (सगळ्या ब्लॉगांवरच्या नव्या नोंदी एका जागी आणून दाखवणारी सोय) निवडायचाय आणि गेले दोन रविवार त्यातच गेले. बायको म्हणते, एवढ्या वेळात ते ब्लॉगच वाचून झाले असते.

गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झाला, तेव्हा माझी ब्लॉगांची यादी ओपीएमएल फाइलमध्ये (फीडांचे पत्ते एका रीडरमधून दुसऱ्यात न्यायची फाइल) उतरवून घेतली होती. तीच फाइल वाढत वाढत आता १८७ पत्त्यांची झालीय. निम्मे मराठी, त्यातले बहुतेक ब्लॉगस्पॉटवरचे. उरलेले इंग्रजी: पक्षी, जुने नकाशे, थोडं लिनक्स. आजवर एका फुकट सेवेवर भागत होतं. त्यांनी फुकट्यांची मर्यादा खाली आणली आणि एका सकाळी सत्तरएक ब्लॉगांपुढे कुलूप दिसलं. कुठले सत्तर, तेही त्यांनीच ठरवलं. फुकट जेवणाऱ्याने मीठ कमी म्हणू नये, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही.

खरी अडचण वेगळी आहे. जेवढी परीक्षणं वाचली, ती सगळी 'फार येतं, काय काय वाचू' म्हणणाऱ्यांसाठी लिहिलेली. रोज पाचशे बातम्या, त्यातून एआय निवडून देणार, वर सारांशही करून देणार. माझं बरोबर उलटं. १८७ पैकी रोज लिहिणारे पाच-सहा. महिन्याकाठी लिहिणारे चाळीसेक. बाकीचे वर्षातून एकदा, तेही मनात आलं तर. मला नळ नकोय, ठिबक हवंय. फक्त एकही थेंब वाया जाता कामा नये.

उदाहरण देतो. सह्याद्रीतल्या घाटवाटांवर लिहिणारे एक गृहस्थ आहेत. २०१६ नंतर त्यांच्या ब्लॉगवर सामसूम. २०२३ च्या पावसाळ्यानंतर त्यांनी एकच नोंद टाकली: अमुक नाळेतली (डोंगरातली अरुंद, उतरती घळ) वरची कातळाची पायरी दरडीबरोबर गेलीय, दोर असल्याशिवाय उतरू नका. खाली हाताने काढलेला नकाशा, चौकटीच्या वहीच्या पानावर, फोनने फोटो काढलेला, कोपऱ्यात त्यांचा अंगठा आलेला. मी ती नोंद पाहिली आठ महिन्यांनी, दुसरंच काही शोधताना. मधल्या डिसेंबरात आम्ही चौघे त्याच नाळेने उतरायला निघालो होतो! वाटाड्याने वरूनच परत फिरवलं. नंतर तपासलं तर रीडरमध्ये नोंद वेळेवर आली होती. मी महिनाभर तिकडे फिरकलो नाही, म्हणून तिच्यावर आपोआप 'वाचलेलं' अशी खूण झाली होती.

तर माझं मागणं एवढंच: मी हात लावेपर्यंत न वाचलेलं न वाचलेलंच राहावं. दुसरं, कोण नुसता गप्प आहे आणि कोण गेलाय, हे कळावं. गेलेल्यांचा त्रास वेगळाच असतो. मोदकांच्या पाककृतींचा एक छान ब्लॉग होता. त्याच्या इंटरनेटवरच्या नावाचं (डोमेनचं) नूतनीकरण झालं नाही, दुसऱ्याच कुणीतरी ते नाव घेतलं आणि ऐन गणपतीत माझ्या रीडरमध्ये त्या ब्लॉगाखाली ऑनलाइन रम्मीची जाहिरात आली.

अँड्रॉइड फोन आणि घरचा लिनक्स लॅपटॉप, दोन्हीकडे वाचतो. इथे वाचलं की तिथेही वाचलेलं दिसायला हवं. थंडरबर्ड (ईमेलचा प्रोग्राम, त्यात फीडही वाचता येतात) करून पाहिला, वाचायला झकास, पण तो एकाच यंत्रावर अडकतो. वर्षाला दीड-दोन हजार खर्च करायची तयारी आहे. एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) कपाटात धूळ खात पडलाय, पण आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा. (श्लेष आत्ता लक्षात आला. राहू दे.)

---

तांब्याभांडं

मी शेवटचं पाहिलं तेव्हा फुकटात फीडलीवर १००, इनोरीडरवर १५० आणि न्यूजब्लरवर ६४ ब्लॉग बसत होते. १८७ कुठेच बसत नाहीत. एक वर्षाचे पैसे टाका आणि मोकळे व्हा. दोन रविवारांची किंमत त्याहून जास्त आहे.

---

डोंगळा

पैसे टाकायच्या आधी फीड म्हणजे काय ते बघा, अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. फीड ही त्या ब्लॉगाच्या दारातली एक फाइल असते आणि तिच्यात शेवटच्या मोजक्याच नोंदी असतात. वर्डप्रेसवर मुळात १०, ब्लॉगस्पॉटवर २५. वर्डप्रेसवर रोज तीन नोंदी टाकणाऱ्याकडे तुमचा रीडर आठवडाभर गेला नाही, तर मधल्या काही नोंदी कायमच्या हुकतात. त्यासाठी सतत जागा असणारा सर्व्हर लागतो. पण वर्षातून एकदा लिहिणाऱ्याची नोंद त्या फाइलीत कित्येक वर्षं बसून राहते. तुमची लाईट आठ तास गेली काय नि आठ दिवस गेली काय, ती कुठे पळत नाही. सर्व्हर चोवीस तास चालू हवा ही चिंता बातम्या वाचणाऱ्यांची आहे, तुमची नाही.

म्हणून तो पाय कपाटातून काढा आणि त्यावर फ्रेशआरएसएस (आपल्याच यंत्रावर चालवायचा फीड रीडर) टाका. पीएचपी भाषेवर चालतो, नोंदी साठवायला एसक्यूलाइट पुरतं, वेगळा डेटाबेस सर्व्हर लागत नाही. (मिनिफ्लक्सही सुटसुटीत आहे, पण त्याला पोस्टग्रेस हा डेटाबेस सर्व्हर लागतो.) जुनं साठवण्याच्या सेटिंगमध्ये 'न वाचलेलं कधीही पुसू नये' अशी खूण आहे, ती करा. आपोआप वाचलेलं करणारे जे पर्याय असतील ते बंद ठेवा. आकडेवारीच्या पानावर गप्प पडलेल्या फीडांची वेगळी यादी मिळते, आणि ज्यांचा पत्ता लागत नाही त्यांच्यावर एररची खूण दिसते. म्हणजे गप्प कोण आणि गेलेला कोण, ते निराळं कळतं. रम्मीवाले मात्र यात सापडणार नाहीत. तिथे फाइल मिळते, उत्तरही नीट येतं, यंत्राच्या लेखी सगळं आलबेल. ते डोळ्यांनीच वेचावे लागतात.

फोनवर 'रीड यू' हे ॲप घ्या, फ्रेशआरएसएसला जोडता येतं. गंमत म्हणजे हे दोघे एकमेकांशी बोलतात ते गूगल रीडरच्याच जुन्या बोलीत. माणूस गेला, भाषा राहिली. मी पाय बाहेरच्या जगाला उघडा ठेवत नाही. फोन घरच्या वायफायवर आला की सगळं उतरवून घेतो आणि दिवसभर गाडीत वाचतो. दर पंधरा मिनिटांनी १८७ दारं ठोठावू नका, दिवसातून दोनदा पुरे. आणि एसडी कार्ड कधीतरी दगा देतंच, तेव्हा महिन्याला एकदा ओपीएमएल दुसरीकडे उतरवून ठेवा.

---

सायीचं ताक

तांत्रिक भाग वरच्यांनी सांगितलाच आहे. मी फक्त फडताळाचं सांगते. मी आधी विषयवार कप्पे केले होते: पाककृती, प्रवास, पुस्तकं. काही उपयोग झाला नाही. प्रत्येक कप्प्यात एक बडबड्या असतो आणि त्याच्याखाली बाकीचे गाडले जातात. आता कप्पे वेगानुसार केलेत. 'दूध' म्हणजे रोजचे. 'वाणसामान' म्हणजे महिन्याचे. 'लोणचं' म्हणजे वर्षातून एकदा मुरून येणारे. दूध दोन दिवसांत संपलं नाही तर सरळ ओतून देते, 'सगळं वाचलेलं' करून टाकते. लोणच्याच्या बरणीला घाईघाईत हात लावायचा नाही.

आणि दादा, नोंद रीडरमध्ये अर्धीच दिसली तर रीडर बदलत बसू नका. पूर्ण मजकूर द्यायचा की चार ओळी, हे ब्लॉगवाला आपल्या सेटिंगमध्ये ठरवतो. मी अशा दोघींना पत्र लिहून विचारलं. एकीला ते सेटिंग आहे हेच माहीत नव्हतं, तिने त्याच दिवशी बदललं.

---

धागाकर्ता

तांब्याभांडं, सल्ला पटला होता, खरंच पैसे भरणार होतो. पण डोंगळा यांचं लाईटचं वाचलं आणि थांबलो. पंचवीस नोंदींचा हिशेब माझ्या डोक्यातच आला नव्हता.

काल पाय पुसून लावला. फ्रेशआरएसएस बसवायला दोन तास गेले, त्यातला दीड तास मी पासवर्ड चुकीचा टाकत होतो. पहिल्याच फेरीत ४१ पत्त्यांवर एररची खूण. त्यातले अकरा नुसते पत्ता बदललेले निघाले, ब्लॉगस्पॉट सोडून वर्डप्रेसवर गेलेले. नव्या पत्त्यापुढे /फीड/ लावलं (रोमन अक्षरांत, अर्थात) आणि चालू झाले. रम्मीवाले एकूण तीन. मोदकांचा ब्लॉग काढून टाकताना वाईट वाटलं.

ताई, तुमचे कप्पे जसेच्या तसे उचललेत. दुधात सहा, वाणसामानात ३८, बाकी सगळं लोणचं.

एक प्रश्न अजून उरलाय. उरलेल्या तीस पत्त्यांपैकी काहींवर 'हा ब्लॉग फक्त निमंत्रितांसाठी' असं येतंय. ते रीडरमधून वाचायची काही सोय आहे का, की लेखकाला पत्रच लिहावं लागेल? कुणी केलं असेल तर सांगा. तोवर मी जरा गायब आहे. लोणच्याच्या कप्प्यात घाटवाटावाल्यांची आणखी एक नोंद सापडलीय, चौदा महिन्यांपूर्वीची, नकाशासकट.